अंगणातली सदाफुली आणि इंजेक्शनातली सदाफुली



मागच्या आठवड्यात आपल्या एका श्रोत्या ताईंचा फोन आला. त्यांच्या सात वर्षांच्या भाचीला रक्ताचा कर्करोग झालाय, इंजेक्शनं चालू आहेत. शेजारीण म्हणाली, "अगं, ते औषध सदाफुलीचंच असतं. मग पोरीला सुया कशाला? रोज पानांचा रस पाज." ताईंनी आम्हाला विचारलं, खरं काय?

शेजारीण अर्धं खरं बोलली. सदाफुली मूळची मादागास्करची. बऱ्याच देशांत लोक मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत. 1952 साली जमैकातून अशी पानं कॅनडात पोहोचली. तिथे डॉ. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर अर्क तपासला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. मग रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांच्यासोबत त्यांनी पानांतून विनब्लास्टिन वेगळं केलं. पुढे अमेरिकेत विनक्रिस्टिन सापडलं आणि 1963 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पेशी एकीच्या दोन होताना आत बारीक धाग्यांची चौकट उभी राहते. हे औषध ती चौकटच उभी राहू देत नाही.

आता उरलेलं अर्धं. एका पानात शेकडो रसायनं असतात आणि विनक्रिस्टिन अगदी नखभर. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे वाटीभर रसात औषध किती आणि नको ते किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. दवाखान्यात मुलाच्या अंगकाठीवरून मिलिग्रॅममध्ये हिशेब होतो. औषध फक्त शिरेतून देतात, रक्त तपासत राहतात. तरीही हातापायांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही. शिवाय हे औषध एकटं पुरत नाही. सोबत इतर औषधं लागतात आणि उपचार दोन-तीन वर्षं चालतात.

पण फळ मोठं आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या आजारातून क्वचितच एखादं मूल वाचायचं. आज प्रगत देशांत दहांतली आठांहून जास्त मुलं बरी होतात. उपचार मध्येच सोडले, तर ही संधी हातची जाते.

म्हणून मैत्रिणींनो, मुलाचा ताप हटत नसेल, चेहरा पांढराफटक पडला असेल, न लागता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, हाडं दुखत असतील, तर रक्ततपासणी करा. खर्चाची धास्ती वाटली, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. घरात काढा, चूर्ण काही चालू असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील म्हणून गप्प बसण्यात धोका आहे.

ताईंना आम्ही हेच सांगितलं. भाची पुढच्या इंजेक्शनला वेळेवर गेली. अंगणातली सदाफुली राहू द्या, देवाला वाहा. औषध मात्र दवाखान्यातलंच घ्या.