देवादिकांची वस्त्रे आणि चित्रकार



घरातील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पाहून आपण सहज म्हणतो, प्राचीन काळी स्त्रिया अशाच नेसत असत. पण ही साडी त्यांना नेसवली कोणी?

१८८८ साली सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्मा यांना १४ पौराणिक चित्रे काढावयास सांगितली. सीता-दमयंतीला नेसवावे काय, हा प्रश्न तेव्हा त्यांच्यापुढे उभा राहिला. बंधूंना बरोबर घेऊन ते उत्तर हिंदुस्थान हिंडले. प्रांतोप्रांती नेसणे निराळे! अखेर त्यांनी आपल्या काळातली साडीच घेतली. पुष्कळ चित्रांत तर आपले नऊवारी लुगडेच दिसते. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि ही रूपे घरोघर पोहोचली.

हा छापखाना पुढे मळवलीस गेला. तेथून कार्ल्याचे लेणे जवळच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली तिथली दांपत्ये पाहा. स्त्रियांच्या कमरेला वस्त्र आहे, अंगावर ठसठशीत अलंकार आहेत; पण चोळी नाही, पदरही नाही.

यात चित्रकाराला बोल लावण्याचे कारण नाही. त्यांना पुराणकथा रंगवायची होती, आणि पाहणाऱ्याला ती आपली वाटायला हवी होती. घोटाळा होतो तो तसबिरीला पुरावा मानल्याने. लेकीसुनांना आपण ज्या ‘प्राचीन’ पोशाखाचा दाखला देतो, तो पुष्कळदा दीडशे वर्षांपलीकडचा नसतो. तसबिरीला हात अवश्य जोडावेत. मात्र इतिहास विचारायचा असेल तर कार्ल्याचा डोंगर चढावा.