परसबागेचं कुंपण : सुट्या चौकटींचं, गटानं मिळून केलेलं

आज आपण परसबागेच्या कुंपणाबद्दल बोलणार आहोत.

मेथी, पालक, वांगी लावायचा उत्साह आपल्याला कधी कमी पडत नाही. गाडी अडते ती राखणीवर. महिनाभर पाणी घालून वाढवलेला वाफा एका दुपारी दोन शेळ्या साफ करतात. मग आपण जुन्या साड्या बांधतो, बाभळीच्या काट्या आणून लावतो. साडी उन्हानं विरते, काटी वाळून मोडते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हे काम दरवर्षी बाईच्याच वाट्याला येतं, म्हणून ते एकदाच नीट करावं असं माझं म्हणणं आहे.

आपण राहतो चाकणच्या पट्ट्यात. महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, कुरुळी, कुठंही बघा, कारखान्यांत माल येतो तो लाकडी पॅलेटवर आणि खोक्यांत. ते लाकूड पुढं भंगारात विकलं जातं. त्यातल्या फळ्या साधारण साडेतीन-चार इंच रुंद असतात. कुंपणाला त्या चांगल्या, पण निवडून घ्याव्या लागतात.

परदेशी जाणाऱ्या किंवा तिकडून येणाऱ्या लाकडावर एक शिक्का असतो. गव्हाच्या ओंबीसारखं चित्र आणि शेजारी इंग्रजी अक्षरं. ही जगभर चालणारी खूण आहे. लाकडातून किडे देशोदेशी जाऊ नयेत म्हणून लाकडावर काय प्रक्रिया केली ते त्यावर लिहिलेलं असतं. अक्षरं ‘एचटी’ असली तर लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे. हे घ्यावं. ‘एमबी’ असली तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. भाजीच्या बागेला ते नको. घरात शाळेतली पोरं असतील, त्यांना ही अक्षरं वाचायला सांगा.

शिक्का नसलेलं लाकूड देशातल्या देशात वापरलेलं असू शकतं. ते घेताना वास घ्या, डाग बघा. तेलकट, रंगीत डागाचं किंवा उग्र वासाचं लाकूड तिथंच ठेवा, कारण त्यावर कुठलं रसायन सांडलं होतं ते आपल्याला कळत नाही. असं लाकूड फुकट मिळालं म्हणून चुलीतही घालू नका. त्याचा धूर आपल्याच छातीत जातो.

आता मुख्य गोष्ट. कुंपण सलग ठोकत जाऊ नका, सुट्या चौकटींचं करा. कंपनीत कामाला जाणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना हे लगेच कळेल. गाडीचा दरवाजा वेगळा तयार होतो, बंपर वेगळा, आणि लाइनवर सगळं एकत्र जोडतात. दरवाजाला पोचा आला तर दरवाजा बदलतात, गाडी मोडीत काढत नाहीत. कुंपणाचंही तसंच करायचं. खांब वेगळे, चौकटी वेगळ्या, फाटक वेगळं.

हिशोब सोपा आहे. बाग २० फूट लांब आणि १६ फूट रुंद धरा. चारी बाजू मिळून ७२ फूट झाल्या. दर ४ फुटांवर खांब घेतला तर १८ खांब लागतात आणि त्यांच्यामध्ये १८ गाळे पडतात. एका गाळ्यात फाटक, बाकी १७ गाळ्यांत चौकटी.

एका चौकटीला ४ फुटांच्या २ आडव्या पट्ट्या आणि सव्वातीन फुटांच्या ८ उभ्या फळ्या लागतात. फळी साडेतीन इंच रुंद असेल तर दोन फळ्यांमध्ये सव्वादोन इंचांची फट ठेवा. तेवढ्या मापाचा एक लाकडी ठोकळा कापून ठेवला की दर वेळी टेप धरावा लागत नाही. पट्टीची दोन्ही टोकं दोन-दोन इंच मोकळी सोडा, ती खांबावर बसवायची आहेत. चौकट सपाट जमिनीवर ठोका. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्या, दुसरंही तिरकं माप घ्या. दोन्ही सारखी आली की चौकट काटकोनात आहे.

पॅलेट सोडवताना फळी ओढू नका, ती चिरते. मधल्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापा. नवा खिळा मारताना त्याचं टोक हातोडीनं थोडं बोथट करा, म्हणजे फळी फाटत नाही. जुने खिळे लगेच डब्यात टाका. चाऱ्याबरोबर खिळा गाईच्या पोटात गेला तर तिचा जीव जाऊ शकतो. आपल्यालाही गंजका खिळा लागला तर अंगावर काढू नका, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

खांबाला मात्र पॅलेटचं लाकूड नको. पॅलेटला बहुधा पाइनसारखं हलकं लाकूड असतं, ते मातीत लवकर कुजतं. बाभळीच्या जुन्या गाभ्याचा किंवा जुन्या लोखंडी अँगलचा खांब घ्या. त्यासाठी साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी उभी झाडं तोडू नका. १९६४ च्या कायद्यानुसार त्यांना परवानगी लागते. खांब ६ फुटांचा, त्यातला दीड फूट जमिनीत. लाकूड कुजतं ते जमिनीच्या रेघेवर, कारण तिथं ओल आणि हवा दोन्ही असतात. म्हणून गाडायच्या भागाला आणि वर अर्धा फूट डांबर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी घाला, ओळंबा धरून खांब सरळ करा, माती थराथरानं पहारीनं ठोका. वरची माती उतरती करा, म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही. डांबराच्या खांबापासून भाजी फूटभर लांब लावा.

चौकट खांबाच्या बाहेरच्या अंगाला लावायची. फळ्या बाहेर, आडव्या पट्ट्या आत. शेळीनं धक्का दिला की चौकट खांबावर दाबली जाते, सुटत नाही, आणि पाय ठेवून चढायला तिला पट्टीही मिळत नाही. चौकट जमिनीपासून दोन इंच वर ठेवा, म्हणजे वाळवी दिसते आणि फळी भिजत नाही. खांबाशी जोडताना खिळा नको, स्क्रू वापरा. एका चौकटीला चार टोकांचे चार स्क्रू. चौकटीच्या वर खांब फूटभर शिल्लक राहतो, तिथं दोन तारा ओढा. उडी मारणारी शेळी अडते आणि दोडका-कारल्याचा वेलही चढतो.

फाटकाची चौकट पाच इंच अरुंद करा. तिला एक तिरकी पट्टी हवी. ती खालच्या बिजागरीपासून निघून वर कडीच्या बाजूला गेली पाहिजे. मग फाटकाचं वजन खालच्या बिजागरीवर उतरतं आणि फाटक लोंबत नाही.

लाकडाला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे सवय आहे. भाजीजवळ ते नको. जवसाचं तेल दोन हात द्या.

आता गटानं काय करायचं? करवत, हातोडी, गुण्या, पहार ही हत्यारं सामायिक घ्या. आणि सगळ्या घरांना एकच माप ठेवा. मग एकीची चौकट दुसरीच्या कुंपणाला बसते. दोन जादा चौकटी गटाकडे करून ठेवा. दरवर्षी जूनच्या आधी प्रत्येक खांब हलवून बघा आणि फळीला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचा. मऊ लागली तर चार स्क्रू काढा, जादा चौकट लावा, जुनी सावकाश दुरुस्त करा. पाऊणशे फूट कुंपण नव्यानं करण्याऐवजी अर्ध्या तासाचं काम.

येत्या मीटिंगमध्ये एवढंच ठरवा : पहिली बाग कुणाची, आणि माप काय. मापाचा तो ठोकळा गटाच्या वहीबरोबर ठेवा.