उन्हाची वीज



उन्हापासून घरी वीज करता येते. छपरावर सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवावीत. सावली पडू देऊ नये. धूळ पुसावी. एक किलोवॅटची पॅनेल दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतात.

जर्मनीत लहान पॅनेलची वायर भिंतीच्या प्लगातच लावतात. तिथे ८०० वॅटपर्यंत तशी मुभा आहे. आपण मात्र तसे परस्पर करू नये. का बरे?

लाईन बंद करून वायरमन खांबावर चढतो. तेव्हा आपली वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून लाईन जाताच आपोआप बंद पडणारा इन्व्हर्टर लागतो. आधी महावितरणकडे अर्ज द्यावा. जोडणी जाणत्याकडूनच करून घ्यावी.

आम्ही इतकेच सांगतो : आपल्या घरी दिवा लागावा, पण दुसऱ्याच्या घरचा विझू नये.