फवारणी करतोस का रे?



मी धिंगरी अळिंबी पिकवतो हे कळल्यापासून आज बऱ्याच जणांनी मला एकच विचारलं, "फवारणी करतोस का रे?"

फवारणी करत नाही. माश्यांसाठी बारीक जाळी आणि पिवळे चिकट सापळे पुरतात. पण औषधाचा खरा प्रश्न त्याआधीच येतो. अळिंबी स्वतःच एक बुरशी. ती भाताच्या काडावर वाढवायची, तर काडावरच्या इतर बुरशी आधी माराव्या लागतात. त्याची रूढ रीत अशी : 100 लिटर पाण्यात 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि 125 मिली फॉर्मेलिन मिसळून काड 18 तास भिजवायचं.

फॉर्मेलिन म्हणजे प्रयोगशाळेतल्या बरणीत बेडूक ज्यात ठेवतात, तेच. त्यातल्या फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये काढला. ते काड उपसून पिशव्या भरतात बहुधा बायका. वास त्यांच्या नाकाडोळ्यांत जातो.

माझ्याकडच्या चौघी आमच्याच गावातल्या आहेत. म्हणून मी काड 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतो. सरपण लागतं, खर्च वाढतो, नफा कमी होतो. पण शेडमध्ये कुणाचे डोळे चुरचुरत नाहीत.

तेव्हा अळिंबी घेताना फवारणीबरोबर आणखी एक विचारा, "काड कशात भिजवलं?" गिऱ्हाईक विचारू लागलं, की शेतकरी पाणी तापवायला लागेल.