बाहुलीच्या अंगावरचं साल



नोकरीत मी प्रोग्रॅम लिहिते, पण इथं मला बोलायला सांगितलंय ते बाहुल्यांवर! तुमच्यापैकी कितीतरी जणी मला माहेरच्या जुन्या बार्बीचे फोटो पाठवतात. प्रश्न एकच. "कमरेखाली १९६६ छापलंय, किती येतील गं?"

ते साल बाहुलीच्या जन्माचं नाही. ते धडाच्या साच्याच्या कॉपीराइटचं आहे. कंबर वळणारं ते धड मॅटेल कंपनीनं पुढे नव्वदच्या दशकातही वापरलं, आणि साल तेच राहिलं. आमच्याकडे प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत कुणीतरी एकदा साल लिहितं आणि मग वीस वर्षं त्याला कुणी हात लावत नाही, तसंच हे. म्हणून सालाबरोबर देशाचं नावही वाचा. सुरुवातीच्या बार्बी जपानमध्ये बनत. मलेशिया किंवा चीन असेल तर बाहुली बरीच नंतरची. 'इंडिया' असेल तर ती आपल्याच लहानपणची, लिओ मॅटेलच्या खोक्यातली. तिचे लाख रुपये येणार नाहीत हो!

खरी बनवाबनवी चालते ती पहिल्या बार्बीत. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ती आली, किंमत तीन डॉलर. अंगावर मात्र रोमन आकड्यांत १९५८. तिच्या तळपायांना भोकं होती, आत तांब्याच्या नळ्या. स्टँडचे खुंट त्यात बसायचे. दुसऱ्या आवृत्तीत भोकं गेली. या दोघींची बुबुळं पांढरी, भुवया टोकदार. तिसरीची बुबुळं निळी, भुवया गोलसर. आता निळ्या डोळ्यांच्या बाहुलीच्या पायाला भोकं दिसली तर एक तर कुणी ड्रिल चालवलंय, नाहीतर डोकं एकीचं आणि धड दुसरीचं आहे. भोक पाडणं सोपं असतं, म्हणून आतली नळी बघायची.

मागच्या दिवाळीत आपल्यातलीच एक जण अशा 'पहिल्या' बार्बीसाठी महिन्याचा पगार मोजायला निघाली होती. मी तिला विकणाऱ्याकडून दोन फोटो मागवायला सांगितले, डोळ्यांचा आणि तळपायांचा, अगदी जवळून. डोळ्यांचा लगेच आला. तळपायांचा आजवर आलेला नाही. पैसे वाचले.

चेहरा पुन्हा रंगवण्यात मला गैर काही वाटत नाही, तो न सांगता विकणं ही फसवणूक. कानाजवळचा हिरवा डागही लपवू नये. कानातल्यातल्या धातूमुळे तो जुन्या बाहुल्यांना पडतोच.

तेव्हा माळ्यावरची बाहुली काढलीत तर तिचे केस धुऊ नका, खोकं टाकू नका. आणि मला फोटो पाठवताना चेहरा, कमरेखालचा छाप आणि तळपाय, तिन्ही पाठवा. नुसत्या हसऱ्या चेहऱ्यावरून मी काहीही सांगणार नाही!