बुटातील हिशेबनीस

धावताना बुटात ठेवावयाचे मापनयंत्र विकत घ्यावे काय? २००६ साली नायकी आणि ॲपल या अमेरिकन कंपन्यांनी असे एक चिमुकले यंत्र २९ डॉलरांस विकावयास आणले. डाव्या बुटाच्या गादीखाली ते ठेवावयाचे. त्याचे बिनतारी संदेश आयपॉड या खिशातल्या संगीतयंत्राकडे जात आणि तोडलेले अंतर धावणाऱ्याच्या कानात सांगितले जाई.

गंमत अशी की, अंतर ते मोजतच नसे. पाऊल जमिनीला किती वेळ टेकले, एवढेच त्याला कळे. वेग वाढला की हा स्पर्शकाळ घटतो. बाकी सारे त्यावरून केलेले अनुमान. म्हणून अचूकपणा हवा तर ४०० मीटरच्या आखीव धावपट्टीवर त्याला आधी शिकवून घ्यावे लागे. मग ज्याच्याजवळ धावपट्टी आणि साधे घड्याळ आहे, त्याला हा हिशेबनीस कशाला? रस्त्यावर धावणाऱ्याला तर आता उपग्रहांच्या साह्याने मनगटावरचे घड्याळच अंतर सांगते. घरात फिरत्या पट्ट्यावर धावणाऱ्याला मात्र बुटातले यंत्र अद्याप उपयोगी पडते. त्याने घेण्यापूर्वी विजेरी बदलता येते की नाही, हे अवश्य पाहावे. त्या पहिल्या यंत्रातील विजेरी बंदिस्त होती. ती संपली की सारे यंत्रच टाकून द्यावयाचे. चपलेला निदान मोच्याकडे नवा तळ बसवून मिळतो!