माकुलाची अक्कल आणि यंत्राची अक्कल
(भाईंदरच्या प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका बाईंनी मला विचारले, "गुरुजी, आता फोनच वाचून दाखवतो. विचारले ते सांगतो. मग आम्ही या वयात अक्षरे कशाला गिरवायची?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचे उत्तर देतो.

आपल्या उत्तनला माकूल मिळते. तुम्ही ते कापता, शिजवता. पण त्याची अक्कल पाहिली आहे का? शास्त्रज्ञांनी माकुलांना दोन तऱ्हेचे खाणे दाखवले. साधे खाणे लगेच मिळे. आवडीचे खाणे थांबले तरच मिळे. माकुले थांबली! काही तर दोन मिनिटांपर्यंत थांबली. हा प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. आपली पोरे तरी इतकी थांबतात का?

ही अक्कल कुठून आली? माकुलाच्या पूर्वजांना शिंपल्यासारखे कवच होते. पुढे ते अंगाच्या आत गेले. आपण समुद्रफेस म्हणतो तो त्याचाच अवशेष. अंग उघडे पडले, मासे मागे लागले. लपणे, फसवणे, शिकार साधणे शिकावे लागले. जे शिकले ते तगले. शास्त्रज्ञ असे मानतात.

आता उलटे पाहा. समुद्रात पिशवीसारखा एक जीव आहे. लहानपणी तो पोहतो. तेव्हा त्याला चिमुकला मेंदू असतो. मग तो खडकाला कायमचा चिकटतो. शेपूट जाते, आणि मेंदूचाही बराच भाग विरून जातो. हिंडायचेच नाही, तर मेंदू हवा कशाला?

आता यंत्र. 1997 साली डीप ब्लू नावाच्या यंत्राने बुद्धिबळाचे जगज्जेते कास्पारोव्ह यांना हरवले. आजची बोलकी यंत्रे माणसांनीच लिहिलेल्या अफाट मजकुरावरून शिकली आहेत. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द यावा, हे ती अंदाजाने ठरवतात. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, कधी साफ चुकतो.

माकूल चुकले तर जिवाला मुकते. यंत्राला ना भूक, ना भीती. ते चुकले तर त्याचे काय जाते? काही नाही. औषध किती द्यायचे ते चुकीचे सांगितले, तर भोगायचे तुमच्या लेकराने.

म्हणून बाई, फोन जरूर वापरा. पण बाटलीवरचे अक्षर स्वतः वाचा. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. खडकाला चिकटून बसू नका.

चला, काढा पाट्या.